यात्रा कमिटीला खुलं पत्र : आम्हाला पाहुणं करू नका, काम द्या

यात्रा कमिटीतले सगळे अण्णा, तात्या, भाऊजी आणि सरपंच ताई यांना,

नमस्कार. नाथबाबाच्या नावानं चांगभलं.

मी कोइमतूरहून लिहितेय. खालच्या आळीतली धाकटी सून एवढं म्हटलं की तुम्हाला कळेल. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं टाकतेय आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागात असं पत्र लिहायची वेळ आलेलं आपलं एकच गाव असेल असं मला वाटत नाही. जिथं जिथं घरातलं कुणीतरी सोन्याच्या गलाईला, म्हणजे सोनं शुद्ध करायच्या धंद्याला, बाहेर गेलंय तिथं थोड्याफार फरकानं हेच चाललंय.

परवा ग्रुपवर यंदाच्या यात्रेचा मेसेज आला. वर्गणीचा आकडा वाचला, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, दरवर्षी देतो तशी देणार, मालकांनी बाजूलाही काढून ठेवलीये. पण त्याच्या खाली जे लिहिलं होतं ते मी चारपाच वेळा वाचलं आणि मग रात्री झोप लागेना. महाप्रसाद यंदा केटररकडं दिलाय, बायकांना त्रास नको म्हणून. बाहेरगावाहून येणाऱ्या मंडळींसाठी स्टेजपुढं खुर्च्या आणि जेवणाची वेगळी पंगत. सासनकाठी, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, नाचवायला बाहेरनं पथक सांगितलंय कारण आपली पोरं कमी पडतात. आणि शेवटच्या रात्री आमचा सत्कार, शाल श्रीफळ देऊन.

तुम्ही हे आमच्या सोयीसाठी केलंय हे मला नक्की माहितीये. दोन दिवस प्रवास करून येतात, पोरंबाळं असतात, उन्हाचे हाल होतात, त्यांना जरा बसू द्यावं, एवढ्या मायेनं तुम्ही विचार केला असणार, त्यात कुणाचाही हेतू वाईट नाही. पण अण्णा, मनापासून सांगते, ही खुर्ची आम्हाला नको. तुम्ही आम्हाला खुर्चीवर बसवलं त्या दिवशी आम्ही पाहुणे झालो, आणि पाहुणा कितीही लांबनं आला आणि कितीही मोठी पावती फाडून गेला तरी तो दुसऱ्या दिवशी जाणाराच असतो.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. तमिळनाडू, केरळ, आंध्र, कोलकाता, पंजाब, कुठल्याही मोठ्या गावातल्या सराफ बाजारात शिरा, एखाद्या बोळात आमच्याकडचं माणूस भट्टीपुढं बसलेलं सापडेल. सराफाकडनं मोडीचं सोनं येतं, ते मुशीत वितळवायचं, त्यात चांदी मिसळायची, मग तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचं. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळून जातं आणि सोनं तळाला राहतं, तांबूस मातीसारखं दिसतं, माहीत नसलेला माणूस झाडून टाकेल असं. ते धुवायचं, वाळवायचं, परत आटवलं की चोख सोनं. तेजाबाचा पिवळा तांबडा धूर नाकात जातो, घशात बसतो, नखं पिवळी पडतात. माझे मामंजी १९७२ च्या दुष्काळानंतर गावातल्याच एका माणसाबरोबर गेले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. दुकानातच झोपायचं, दुकानातच जेवायचं, आधी भांडी घासायची मग हळूहळू भट्टी शिकायची. आमच्याकडं पाऊस नव्हता म्हणून गेले, हौस म्हणून कुणी गेलं नाही.

मी स्वतः या गावात जन्मलेली नाही. माझं माहेर तासगावकडचं. २००३ ला लग्न होऊन आले, त्या साली दुष्काळ होता, टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, आणि मला या गावाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं हे आज उघड सांगते. नवरा कोइमतूरला, मी महिन्याभरात तिकडं जाणार, इथं ओळखीचं कुणी नाही, बोलण्यात थोडा फरक तो पण जावा हसून दाखवायच्या. मला वाटायचं हे आपलं फक्त नाव लावायचं गाव.

मग यात्रा आली. देवळामागच्या पडवीत बायका खिरीच्या गव्हाला बसल्या होत्या. खपली गहू आदल्या दिवशी ओलवायचा, उखळात कांडायचा, कोंडा सुटला की पाखडायचा, परत कांडायचा. वीस पंचवीस बायका, मुसळांचा आवाज, कोंड्याचा धुरळा, आणि मी नवी नवरी म्हणून भरजरी साडी नेसून खांबाला टेकून उभी. थोरल्या आत्तींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई, आता त्या नाहीत, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुला पाखडाय येतंय न्हवं? मग हुबी का ऱ्हायलीस, सूप घे की." बस एवढंच. कुणी स्वागत केलं नाही, कुणी ओळख करून दिली नाही. मी पदर खोचला आणि बसले. माझ्या माहेरी सूप जरा वेगळं धरतात, त्यांनी माझा हात धरून गावची पद्धत दाखवली. संध्याकाळपर्यंत माझ्या केसात, भुवयांत कोंडा होता आणि मला तीसएक बायकांची नावं, त्यांची दुखणी, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे ते सगळं माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी पंगतीत एक म्हातारा माणूस म्हणाला खीर चांगली झालीय, एक कोंडा दाताखाली आला नाही. तो मला म्हणाला नव्हता, सगळ्यांनाच म्हणाला होता, पण मला वाटलं मलाच म्हणाला.

मी या गावची तेव्हा झाले. लग्नाच्या मांडवात झाले नव्हते, रेशनकार्डावर नाव चढलं तेव्हाही झाले नव्हते.

त्यामुळं महाप्रसाद केटररकडं दिला हे वाक्य मला बोचलं. आता गहू मशीनवर कांडून मिळतो हे मला कळतं, पूर्वीइतक्या बायका बसत नाहीत हेही खरंय, गुडघे दुखतात, सुनांना नोकऱ्या आहेत. पण पाखडायचं तरी राहू द्या, खोबरं किसायचं, गूळ फोडायचा, सुंठ बडीशेप कुटायची. नव्या सुना गावात येतात, त्यातल्या निम्म्या लग्नानंतर लगेच बाहेरगावी जातात, मी गेले तशाच. त्यांना गाव कुठं भेटणार? घराघरात हळदीकुंकवाला बोलावून ओळख होते पण ती बसल्या जागची ओळख, आणि माझा अनुभव असाय की माणसाशी खरी ओळख त्याच्याबरोबर काम केल्यावर होते. बायकांना त्रास नको हा विचार चांगलाय, पण तो त्रास काढताना त्याच्याबरोबर काय काय जातंय ते एकदा बायकांना विचारलं असतं तर बरं झालं असतं. कमिटीत एकही बाई नाही, सरपंच ताई सोडून, त्यांनाही मिटिंगला बोलावलं होतं का मला माहीत नाही.

आता माझ्या पोरीचं सांगते, खरंतर या पत्रामागं तीच आहे.

दोन्ही पोरं कोइमतूरला वाढली. घरात मराठी बोलतो पण भांडताना दोघंही तमिळमध्ये भांडतात. थोरला गावाला यायचा तो मोबाईलला रेंज शोधत फिरायचा, आजीपाशी बसायचा नाही, दोन दिवसात कधी जायचं विचारायचा. त्याला मी दोष देत नाही, त्याला आम्ही गाव दाखवलं ते बंगल्याच्या खिडकीतनं दाखवलं. दिवसभर एसी नाहीतर टीव्ही, संध्याकाळी देवळात जाऊन नमस्कार, नातेवाईकांच्या घरी चहा, सगळीकडं तोच प्रश्न कितवीला आहेस. काम शून्य. त्याचे मित्र, त्याची भाषा, त्याचं मैदान सगळं तिकडं. मग इकडचं त्याला काय वाटणार?

धाकटी मात्र २०१८ ला नऊ वर्षांची होती. वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेचं ते वर्ष, ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, तुम्ही सगळ्यांनी पहाटे उठून माळावर समतल चर खणले ते आठवतंय ना? आम्ही यात्रेला म्हणून चार दिवस आलो होतो आणि एकोणीस दिवस राहिलो, दुकान भाच्याच्या भरवशावर सोडून. मालकांचे हात तेजाबानं पोळलेले, कुदळ धरायची सवय गेलेली, पहिल्याच दिवशी फोड आले. रात्री खोबरेल लावताना मी म्हटलं राहू दे उद्या, तर म्हणाले लहानपणी याच माळावर शेरडं राखलीत गं, हा माळ मी कधी ओला बघितला नाही. पहाटे चारला परत उठले.

पोरीला कुणीतरी, मला वाटतं शाळेतल्या बाईंनी, आखलेल्या चराचा दोन अडीच फुटाचा तुकडा दाखवून सांगितलं की एवढा तुझा. छोटं खुरपं आणि पाटी दिली. मुरूम कडक, तिच्याच्यानं काय होणार, पण गावातली तिच्याएवढी चार पोरं होती, ती शिकवायची, कसं धरायचं, माती कुठल्या बाजूला टाकायची, उताराच्या खालच्या अंगाला बांध करायचा, वरच्या अंगाला टाकली तर पहिल्या पावसात परत चरात येते. सहा दिवस लागले तिला. निघताना रडली नाही पण जूनमध्ये फोन सुरू झाले. आजी, पाऊस पडला का? आजी, माझा चर भरला का? आजींना माळावर चढवेना तर त्या शेजारच्या पोराला पाठवायच्या बघून ये म्हणायच्या, आणि त्या पोरानं एक दिवस फोटो पाठवला, चर काठोकाठ भरलेला, पाणी गढूळ, चहासारखं. तो फोटो तिनं शाळेत नेऊन दाखवला. आज ती बारावीला आहे आणि अजून पावसाळा लागला की विचारते. चर आता गाळानं निम्मा भरलाय हेही तिला माहितीये, आणि तो परत काढायला पाहिजे हे ती मला सांगते. भावाला जे बंगल्यानं दिलं नाही ते तिला त्या अडीच फूट मुरमानं दिलं.

मला वाटतं आपल्या भागाला हे नवीन नाहीच. येरळा नदीवर बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं ते आठवा. १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप झाला आणि खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावाकडं परतले, त्यावेळी इथं दुष्काळ, रोजगार हमीची कामं मागायची वेळ, त्यातनं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि पुढं लोकांनी नदीतल्या वाळूच्या पैशातनं आणि अंगमेहनतीनं ते धरण केलं. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही मिळाला पाहिजे असं त्यांनी ठरवलं होतं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. शहरातनं परतलेल्या माणसांना तेव्हा कुणी शाल दिली नव्हती, गावाला त्यांचे हात लागले, त्यांनी ते लावले.

आणि विट्याच्या दसऱ्याच्या पालख्यांचं तर तुम्ही सगळे जाणता. रेवणसिद्धाच्या पालख्या पळतात, वाटेत खांदे बदलत बदलत, आणि ते बघायला माणूस कुठनं कुठनं येतं. बघायला येतं असं आपण म्हणतो पण ज्यानं एकदा खांदा दिलाय तो दरवर्षी येतो, नुसता बघणारा एखाद्या वर्षी चुकवतो. आमच्या शेजारी कोइमतूरला विट्याचं एक कुटुंब आहे, त्या भाऊंना गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी दसऱ्याला जातात, खांदा आता पोरगं देतं, ते नुसते बाजूनं चालतात आणि घरी येऊन आठवडाभर तेच बोलतात.

आपली सासनकाठीही तशीच आहे की. काठी उचलायला ताकद लागते पण चारी बाजूंचे दोर ओढून धरायलाही माणसं लागतात, वाऱ्यानं काठी कलली की दोरवाल्यानं वजन टाकायचं, हलगीच्या ठेक्यावर पाय, वरनं खोबरं गुलाल. पोरं कमी पडतात म्हणता, पण बाहेरगावची पन्नाससाठ पोरं त्या दिवशी गावात असतात आणि मोबाईल वर धरून व्हिडिओ काढतात. त्यांना कुणी दोर देत नाही म्हणून काढतात! त्यांना वाटतं आपल्याला जमणार नाही, तुम्हाला वाटतं यांची कापडं खराब होतील. पथकवाल्यांना जे पैसे देणार ते वाचवा आणि आदल्या दिवशी संध्याकाळी तासभर त्या पोरांना दोर धरायला शिकवा. चुकतील, हात सोलतील, एखादा पडेल. पडू द्या. माझा थोरला सुद्धा येईल, मी आणते त्याला.

इथं एक गोष्ट बोलायलाच पाहिजे, अवघड आहे तरी बोलते. मान म्हणून जे आपण सांभाळतो त्यात सगळं चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. कुणाची काठी पुढं, कुणाचा नैवेद्य पहिला, कुणी नाचायचं आणि कुणी फक्त वाजवायचंच, कुठल्या वस्तीची पंगत शेवटी बसायची, हे सगळं त्याच मानात येतं. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फक्त राबणं आलं त्यांना मी कामातनं गाव आपलं होतं असं सांगायला गेले तर ते मला विचारतील की बाई, आम्ही तर तुमच्यापेक्षा जास्त काम केलं, मग आमचं गाव का नाही झालं? त्यांचं बरोबर आहे. वेशीपलीकडच्या वस्तीतल्या एका काकूंनी मला हे सरळ तोंडावर विचारलंय आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यामुळं मी जुनं जसंच्या तसं ठेवा असं अजिबात म्हणत नाही. काम वाटायचं असेल तर नव्यानं वाटा, चिठ्ठ्या टाका, खिरीच्या कढईपाशी सगळ्या वस्त्यांतल्या बायका बसू द्या, पंगत एकच धरा. बाहेरगावच्यांची वेगळी पंगत काढणार असाल तर ती जी पहिल्यापासनं वेगळी बसत आलीये तिचं काय, हा प्रश्न पण त्याच मिटिंगमध्ये घ्या.

बंगल्यांबद्दल पण थोडं बोलते, कारण आमच्यातल्याच लोकांना ते लागू आहे. टेंभू उपसा योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं आलं, कराडजवळ कृष्णेतनं उचललेलं पाणी आपल्या माळापर्यंत येईल असं मामंजींना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. पाणी आलं, द्राक्षं आली, ऊस आला, जमिनीला भाव आला आणि गलाईवाल्यांचे बंगले आले. आमचाही आहे. मार्बल, गेट, वर गच्चीत नाव. वर्षातले अकरा महिने कुलूप. शेजारच्या आज्जी म्हणतात संध्याकाळी तुमच्याकडचा दिवा नसला की बोळ अंधारा वाटतो. मला त्याचं फार वाईट वाटलं म्हणून गेल्या वर्षी आम्ही पुढची खोली गावातल्या पोरांना अभ्यासाला उघडून दिली, किल्ली आज्जींकडं. आमच्यातल्या ज्यांचे बंगले बंद आहेत त्यांनी बघा जमतंय का. घर बांधलं म्हणजे नातं बांधलं असं मलाही वाटायचं, आता वाटत नाही.

लॉकडाऊनचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. २०२० ला यात्रा झाली नाही. मार्चमध्ये सगळं बंद झालं, सराफ बाजार बंद, दुकान बंद, भाडं सुरू. मे महिन्यात पास काढून आम्ही गाडीनं निघालो, दोन राज्यांच्या सीमा ओलांडून, पोरांना बिस्किटांवर ठेवून, आणि गावाच्या वेशीवर आडवी बाभळ टाकलेली. आपलीच माणसं काठ्या घेऊन उभी. ज्यांनी अडवलं त्यांची भीती मला आज समजते, तेव्हा समजली नाही, तेव्हा मी गाडीत बसून खूप रडले. आत्तापर्यंत वर्गणी चालली, आता माणूस चालत नाही, असंच मनात आलं. मग शाळेत चौदा दिवस ठेवलं. आणि तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या गजातनं एक फडकं आत आलं, त्यात ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा. त्याच पडवीत मुसळ घेऊन माझ्याशेजारी बसायची ती बाई. त्यानंतर ती रोज आली, शेवटच्या दिवसापर्यंत, घरच्यांनी नको म्हटलं तरी. लांब उभी राहून बोलायची, काय हवं नको विचारायची. सातव्या दिवशी ज्यांनी वेशीवर अडवलं होतं त्यांच्यातले एक भाऊजी येऊन पोरांना कलिंगड ठेवून गेले, काही न बोलता. मला राग धरता आला नाही नंतर. वेशीवर मला वाटलं होतं आपलं या गावात कुणीच नाही, आणि ती भाकरी घेऊन आलेली बाई नात्यातली नाही, भावकीतली नाही, तिच्या माझ्यात फक्त सतरा वर्षांचा गहू आहे.

ग्रुपबद्दल एक विनंती. आपल्या ग्रुपवर वाढदिवस येतात, पावत्या येतात, आणि कुणी गेलं की फोटोला हार घातलेला मेसेज येतो. मधलं काहीच येत नाही. कोण आजारी आहे, कुणाची विहीर ढासळली, कुणाची म्हैस गेली, शाळेत यंदा पट किती राहिला, कुणाच्या पोरीला बारावीत चांगले मार्क पडले. थोरल्या आत्ती चार महिने अंथरुणात होत्या आणि मला हाराचा फोटो आला तेव्हा कळलं. मी येऊन गेले असते हो. दोन दिवसासाठी का होईना येऊन पाय चेपून गेले असते. आम्हाला चांगलं दाखवायला जाऊ नका, आम्हाला सगळं सांगत जा, त्रास होईल असंही सांगा, काम निघालं की सांगा, पैशाचं नसेल तरी सांगा.

पोरांसाठी एक सुचवते. मे महिन्यात बाहेरगावची पोरं येतात तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात आठवडाभर गावातल्या आणि बाहेरच्या पोरांना एकत्र धरून एखादं काम काढा. त्याला शिबिर वगैरे मोठं नाव नको, बॅनर नको. चरातला गाळ काढायचा, देवळामागच्या झाडांना आळी करायची, जुन्या विहिरीच्या पायऱ्या साफ करायच्या, म्हाताऱ्या माणसांना बसवून माळाची, ओढ्याची, शेतांची नावं विचारून वहीत लिहून घ्यायची. आपल्या प्रत्येक शेताला नाव आहे आणि माझ्या पोरांना त्यातली चार पण माहीत नाहीत, मला स्वतःला दहाबारा येतात. ती नावं सांगणारी माणसं आता हाताच्या बोटावर राहिलीत. पट कमी झाला म्हणून शाळेची काळजी आपण सगळेच करतो, पण सुट्टीत तरी त्या आवारात पन्नास पोरं खेळली तर गुरुजींना पण बरं वाटेल.

सत्काराबद्दल तुमचा मान राखून नाही म्हणते. आमच्या घरच्यांचं नाव यादीतनं काढा, मालकांशी बोलून लिहितेय, त्यांचंही हेच म्हणणं आहे. त्यांना शाल द्यायची त्यावेळी त्यांना देवळाच्या मागं भांडी घासायच्या टोळीत टाका, लहानपणी तिथंच असायचे म्हणे, गावातली सगळी पोरं राख आणि काथ्या घेऊन कढया घासायची आणि रात्री एकमेकांवर पाणी उडवायची. कोइमतूरला पन्नाशीला टेकलेला हा माणूस, भट्टीपुढं दिवसभर एक शब्द बोलत नाही, पण त्या कढयांची गोष्ट आली की तासभर बोलतो.

आम्ही यात्रेच्या चार दिवस आधी पोचतोय. बंगळूरपर्यंत रेल्वे, तिथनं रात्रीची मिरजची गाडी, पुढं एसटी. पोरगी यंदा परीक्षा संपवून येणार आहे आणि तिनं महिनाभर आधीच तयारी चालवलीये. आमच्या खालच्या मजल्यावर एक तमिळ पाटी राहतात, पाटी म्हणजे आज्जी, त्यांच्याकडं वेताचं सूप आहे, त्यांच्याकडनं ते मागून आणते आणि गच्चीवर तांदूळ घेऊन पाखडायला शिकते. अजून निम्मे तांदूळ खाली सांडतात. तमिळमध्ये सुपाला मुरम म्हणतात, हे तिनंच मला येऊन सांगितलं आणि म्हणाली आई, मी आधी मुरूम खणला आणि आता मुरम धरलं. मी तिला थोरल्या आत्तींची पद्धत दाखवलीये, अंगठा वर, मनगट सैल, झटका पुढं नाही वर द्यायचा.

केटररला अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबवा. दिला असेल तर भात आमटी त्याच्याकडं राहू द्या आणि खीर तेवढी आमच्याकडं द्या. गहू किती किलो घेतलाय आणि कुठल्या दिवशी ओलवायचा तेवढं ग्रुपवर टाका, म्हणजे तिकीट त्या हिशोबानं एक दिवस अलीकडचं करता येईल.

तुमची,
खालच्या आळीतली धाकटी सून,
कोइमतूर